इंदूरहून नर्मदेच्या काठाकाठाने: गाडीला कॅराव्हॅन ट्रेलर जोडून जावे काय?

रामबागकर (इंदूर)

सर्वांना सविनय नमस्कार.

आम्ही उभयता इंदूरच्या रामबागेत राहतो. यजमान बँकेतून निवृत्त झाले असून माझीही शाळेतील नोकरी यंदा संपली. येत्या डिसेंबरात नर्मदेच्या काठाने, जमल्यास थेट अमरकंटकपर्यंत, सावकाश प्रवास करावा असा विचार आहे. ही परिक्रमा नव्हे, हे आधीच सांगते. परिक्रमेचे नियम कडक असतात, नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे असते आणि मध्ये ती ओलांडायची नसते. आम्ही मात्र जिथे पूल असेल तिथे नदी ओलांडणार आहोत आणि जिथे मन रमेल तिथे मुक्काम करणार आहोत.

प्रश्न वाहनाचा आहे. एका परिचित कुटुंबाकडून आम्ही वापरलेला, एका आसाचा, दोन माणसांना झोपता येईल असा कॅराव्हॅन ट्रेलर घेतला आहे. त्यात छोटा ओटा, गॅसची शेगडी, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी आणि कॅसेटचे, म्हणजे खालची मैल्याची पेटी काढून रिकामी करता येणारे, शौचपात्र आहे. सामानासह त्याचे वजन साडेअकराशे किलोच्या आसपास भरेल. ओढणारी गाडी डिझेलवर चालणारी सात आसनी असून तिचे स्वतःचे वजन सुमारे दोन हजार किलो आहे. गाडी आम्ही दोघेही चालवतो, परंतु मागे काही जोडून घाट उतरण्याचा अनुभव दोघांनाही नाही.

मनात आखलेला मार्ग असा आहे: सिमरोलच्या घाटाने ओंकारेश्वर, तेथून महेश्वर आणि मांडू, मग रावेरखेडी, नेमावर, नर्मदापुरम्, भेडाघाट आणि शेवटी अमरकंटक. मुलाचे म्हणणे असे की हा उद्योग परदेशात शोभतो, आपल्या रस्त्यांवर ट्रेलर ओढत हिंडण्यापेक्षा हॉटेलात उतरावे. यजमानांना ते मान्य नाही आणि मलाही फारसे पटत नाही, कारण पहाटे नदीकाठी स्वतःच्या ओट्यावर चहा करता यावा एवढ्याचसाठी हा खटाटोप मांडला आहे. तरीही घाट कोणता बरा, रात्री ट्रेलर कोठे उभा करावा, सांडपाण्याचे काय करावे आणि हा सगळा मार्ग एका दमात करणे शहाणपणाचे आहे काय, याविषयी जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे ही विनंती.

महूवासी

ताई, नमस्कार. माझी सारी नोकरी लष्कराच्या वाहनांच्या देखभालीत गेली असल्यामुळे घाटाविषयी आणि वजनाविषयी अधिकाराने लिहितो. नदीविषयी इतर मंडळी लिहितीलच.

प्रथम दिलासा देतो. परदेशात नवख्यांना असे सांगतात की ट्रेलरचे भरलेले वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे. आपले प्रमाण त्याच्या पुष्कळ खाली आहे, म्हणून गाडी ट्रेलरला आवरेल की नाही ही चिंता नको. मात्र ‘साडेअकराशेच्या आसपास’ हा अंदाज मी मानणार नाही. पाणी, गॅस, भांडी, गाद्या असे सर्व भरून एकदा धर्मकाट्यावर, म्हणजे वाहने तोलण्याच्या काट्यावर, ट्रेलर तोलून घ्यावा. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो वजन, हे लोक सहज विसरतात. महेश्वरला पाणी मिळते. इंदूरहून भरलेली टाकी घेऊन घाट उतरण्यात काही अर्थ नाही.

एकूण वजनाहूनही महत्त्वाचे आहे ते त्याचे वाटप. ट्रेलरचे नाक, म्हणजे गाडीच्या मागील जोडणीच्या (हिचच्या) गोळ्यावर बसणारा भाग, किती भार टाकते यावर त्याची चाल अवलंबून असते. युरोपात हा भार एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. आपल्या ट्रेलरसाठी या दोहोंच्या मधला, ऐंशी ते शंभर किलो भार योग्य होईल, परंतु गाडीच्या आणि हिचच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा त्याहून कमी असल्यास तीच पाळावी. मोजण्याची रीत सोपी आहे. घरातला वजनाचा काटा सपाट जमिनीवर ठेवून त्यावर लाकडी खुंट उभा करावा आणि जोडणीच्या उंचीवर नाक त्या खुंटावर टेकवावे. जड सामान आसाच्या जवळ व किंचित पुढे, तेही जमिनीलगत असावे. मागच्या कपाटात किराणा आणि पाण्याचे डबे कोंबले की नाक हलके होते आणि साठच्या वेगाला ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. असे झाल्यास घाबरून जोरात ब्रेक दाबू नये आणि चाकाशी झटापटही करू नये. चाक सरळ धरून फक्त पाय उचलावा, वेग उतरला की झोल आपोआप शमतो. त्यानंतर पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान पुढे हलवावे. तसेच पुढे जाऊ नये.

आता घाट. माळव्याचे पठार संपून निमाड सुरू होते तिथे विंध्याचा कडा आडवा येतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आणि महेश्वर सुमारे १६० मीटरवर आहे. कोणत्याही रस्त्याने गेलात तरी ही चारशे मीटरची उतरण चुकत नाही. ती किती अंतरात वाटली आहे एवढाच फरक. सिमरोलमार्गे जाणाऱ्या खंडवा रस्त्यावर भेरूघाटाची वळणे आखूड आहेत. आखूड वळणावर ट्रेलर गाडीच्या चाकोरीतून न जाता आतली बाजू कापतो, आणि समोरून ट्रक आला की दोघांचीही अडचण होते. म्हणून पहिल्या दिवशी आग्रा-मुंबई रस्त्याने महू, मानपूर, धामनोद करून महेश्वरला उतरावे आणि ओंकारेश्वर नंतर घ्यावे, असे माझे मत आहे. या रस्त्यावरील गणपती घाट ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे बदनाम आहे, हे इंदूरकरांना सांगायला नको. उतरणाऱ्या वाहनांसाठी कमी उताराचा वेगळा रस्ता झाल्यापासून तेथील धोका बराच घटला आहे. तरीही आपल्या मागे येणाऱ्या ट्रकाला जागा देण्याची तयारी ठेवावी.

उतरताना एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्यावी. आपल्या ट्रेलरला बहुधा ओव्हररन ब्रेक असतील. हे ब्रेक विजेवर चालत नाहीत. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर तिला मागून ढकलतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम आहे. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत ढकलत राहतो, त्यामुळे त्याचे ब्रेक सतत घासत राहतात आणि ड्रम तापतात. याचा अर्थ असा की उतरण सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि वेग सुरुवातीपासून कमी ठेवावा, म्हणजे तापायला वेळ मिळाला तरी उष्णता बाहेर पडायला अधिक वेळ मिळतो. मध्ये मोकळी जागा दिसली की थांबावे आणि चाकाच्या मधल्या भागाजवळ तळहात नेऊन धग पाहावी, हात लावू नये. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग गेले आहे, आणि तो प्रवास तिथेच थांबवायचा असतो.

कागदपत्रांचेही पाहून घ्यावे. मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र क्रमांक आणि विमा हवा. वापरलेला घेतला आहे म्हणता, तर नोंदणी आपल्या नावावर झाली आहे ना? गाडीच्या विमा कंपनीलाही ट्रेलर जोडणार असल्याचे लेखी कळवून त्यांचे उत्तर जपून ठेवावे. तोंडी ‘हो हो, चालेल’ म्हणणारा माणूस दावा करण्याच्या वेळी भेटत नाही.

खंडव्याची सून

रामबागकर ताई, आमचे घर खंडव्याला आणि माहेर बडवाहला, म्हणजे नदीच्या दोन्ही तीरांशी माझा संबंध आहे. वरच्या काकांनी घाटाचे सांगितले, मी पाण्याचे सांगते.

ट्रेलर घेऊन येणाऱ्या माणसाला पहिला मोह होतो तो अगदी पाण्याच्या कडेला, वाळूवर उभे राहण्याचा. तो मोह कृपा करून टाळावा. नर्मदा आता धरणांची नदी आहे. वर इंदिरा सागर, त्याखाली ओंकारेश्वर आणि पार खाली सरदार सरोवर. ओंकारेश्वरचे धरण मांधाता बेटाच्या अगदी डोक्यावर आहे आणि त्याचे वीजगृह ५२० मेगावॅटचे आहे. विजेची मागणी वाढली की जनित्रे सुरू होतात, आणि आकाशात ढग नसतानाही खालच्या घाटांवर पाणी चढते. भोंगा वाजतो, परंतु तो ऐकून ट्रेलर जोडून वर काढण्याइतका वेळ हाती असेलच असे नाही. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजीच्या यात्रेत अमावास्येच्या स्नानासाठी जमलेल्या लोकांवर वरून सोडलेले पाणी रात्री आले आणि साठाहून अधिक माणसे वाहून गेली. आमच्या भागात ती रात्र कोणी विसरलेले नाही. म्हणून काठावर फिरावे, स्नान करावे, परंतु मुक्काम मात्र गावाच्या उंचीवर करावा. घाटावरची जुनी घरे जिथे बांधली आहेत त्याच्या खाली झोपू नये, एवढा नियम पुरेसा आहे.

खालच्या अंगाला वेगळी गोष्ट आहे. सरदार सरोवर पूर्ण भरते तेव्हा त्याची पातळी १३८.६८ मीटर असते आणि बडवानी-धरमपुरीकडचा काठ फुगवट्याखाली जातो. जुन्या नकाशात दिसणारे काठाचे रस्ते तिथे पाण्यात संपतात. आपला मार्ग त्या बाजूला नाही, तरी कोणी ‘राजघाटला जाऊन या’ असे सुचवल्यास आधी चौकशी करावी.

महेश्वरला तीन-चार दिवस अवश्य राहावे. अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट कोणीही दाखवील, परंतु किल्ल्यातील हातमाग सकाळी पाहावेत आणि जलकोटीच्या सहस्रधारेला दुपार उतरल्यावर जावे. तिथे नदी एका धारेत न राहता खडकांच्या असंख्य फटींतून वाहते. ट्रेलर गावात नेऊ नये. महेश्वरच्या गल्ल्या दोन दुचाकींना अपुऱ्या पडतात. शासनाच्या पर्यटन निवासात किंवा गावाबाहेरच्या एखाद्या मोठ्या आवाराच्या विश्रामगृहात आधी बोलून ठेवावे. एक खोली भाड्याने घेण्याची तयारी दाखवली की आवारात ट्रेलर उभा करण्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. मांडूलाही ट्रेलर नको. किल्ल्याच्या उत्तरेकडील रस्ता जुन्या दरवाज्यांतून जातो, आणि ते दरवाजे हत्तींसाठी बांधले होते, मागे खोली जोडलेल्या मोटारीसाठी नव्हे. महेश्वरहून नुसत्या गाडीने सकाळी निघावे, रूपमतीच्या मंडपावरून दूरवरची नर्मदा पाहावी आणि दिवेलागणीच्या आत परतावे.

महेश्वरहून मंडलेश्वर, बडवाह आणि मोरटक्क्याचा पूल असे ओंकारेश्वरला यावे. पावसाळ्यात पाणी वाढले की मोरटक्क्याच्या जुन्या पुलावरची वाहतूक थांबवतात, डिसेंबरात ती अडचण नसावी. सोमवार, एकादशी, अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी ओंकारेश्वरच्या रस्त्यावर वाहने खोळंबतात, म्हणून पोहोचण्याचा दिवस मधला निवडावा. मोरटक्का किंवा सनावदजवळ ट्रेलर ठेवून दर्शनाला गाडीने जाणे सर्वांत सोयीचे. तिथूनच रावेरखेडीही होते. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी तिथे नदीकाठच्या छावणीत वारले. समाधी दगडी आवारात आहे आणि गर्दी जवळजवळ नसतेच. पुण्याहून माणसे शनिवारवाडा पाहतात आणि परत जातात, इथवर फार थोडी येतात, याचे आम्हां निमाडकरांना वाईट वाटते.

सांडपाण्याविषयी विचारलेत हे फार चांगले केलेत. साबणाचे पाणीसुद्धा नदीत किंवा काठच्या नाल्यात सोडू नये. नर्मदा इथल्या लोकांची मैया आहे. कोणी काठावर ताट विसळताना दिसले तरी गावातली बाई हटकते, आणि तिचे बरोबर असते. धुण्या-भांड्याचे पाणी बंद डब्यात साठवून विश्रामगृहाच्या न्हाणीघरात ओतावे. शौचाची कॅसेट परवानगी घेऊन त्यांच्याच शौचालयात रिकामी करावी. त्यात घालायचे रसायन फॉर्मल्डिहाइड नसलेले घ्यावे, कारण फॉर्मल्डिहाइड सेप्टिक टाकीतील जिवाणू मारते आणि मग त्या यजमानाला भुर्दंड पडतो.

आणखी एक. १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर, अमरकंटक यांसह राज्यातील काही धार्मिक गावांत दारूची दुकाने बंद झाली आहेत. आपल्याला त्याने फरक पडणार नाही असे गृहीत धरते, परंतु सोबत कोणी पाहुणे येणार असल्यास त्यांना आधी सांगावे.

बडोदेकर

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. मुलाकडे न्यूझीलंडला असताना मी कॅराव्हॅन ओढली आहे आणि तो प्रवास मला मनापासून आवडला. तरीही आपला मूळ बेत, म्हणजे रोज ट्रेलर जोडायचा, पुढच्या गावी जायचे, सोडायचा आणि सकाळी पुन्हा जोडायचा, हा मला मान्य नाही. तिकडे दर पन्नास-साठ किलोमीटरवर आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची मोरी असते. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्याच वर्षी केरळनेही आणले, परंतु धोरण आणि नळ यांत अंतर असते. म्हणजे मुक्कामाची प्रत्येक जागा आपल्याला स्वतः शोधावी लागणार, आणि ट्रेलर मागे असताना चुकीच्या गल्लीत शिरल्यास उलटे निघणे हे नवख्याला अतिशय जड जाते.

यावर माझा उपाय असा. मुक्काम थोडे आणि लांब ठेवावेत. महेश्वर, सनावद, नर्मदापुरम् आणि जबलपूर एवढी चार ठाणी धरावीत, ट्रेलर तिथे आठवडा-आठवडा उभा ठेवावा आणि बाकी सारे गाडीने पाहावे. खंडव्याच्या ताईंनी न म्हणता हेच सुचवले आहे. ट्रेलर ही प्रवासात राहण्याची खोली आहे, ती रोज ओढलीच पाहिजे असे नाही. मोटार आणि निवास एकाच सांगाड्यावर असलेली मोटार-कॅराव्हॅन भाड्याने घेण्याचाही एक पर्याय असतो, आणि रोज गाव बदलायचे असेल तर तीच बरी. परंतु तिच्यात एक अडचण आहे: भाजी आणायला जायचे झाले तरी अख्खे घर सोबत न्यावे लागते.

विजेचा हिशेब आधीच करून ठेवावा. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १.२ युनिट. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाइल यांना ती दोन दिवस पुरते. वातानुकूलन यंत्राला एक तासही पुरत नाही. डिसेंबरात ते लागणार नाही, आणि एप्रिल-मेमध्ये निमाडात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा पत्र्याच्या या खोलीत राहण्याचा विचारही करू नये. विश्रामगृहाकडून पंधरा अँपिअरचा प्लग मागून घ्यावा, आणि त्याची अर्थिंग तपासण्याचे छोटे यंत्र सोबत असावे.

गॅसचे सिलिंडर प्रवासात बंद करून उभेच ठेवावे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. त्यासाठी ट्रेलरच्या तळाला झरोके ठेवलेले असतात. थंडी वाजते म्हणून ते चिंध्यांनी बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. शेगडीचा उपयोग खोली गरम करण्यासाठी मुळीच करू नये आणि कोळशाची सिगडी तर आत आणूच नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मुक्कामी पोहोचल्यावरचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम कमी उंचीच्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवून आडवी समपातळी साधावी, मग चाकांना उट्या (पाचरी) लावाव्यात, त्यानंतरच गाडी सोडावी आणि पुढच्या जॅकने नाक वर-खाली करून उभी समपातळी घ्यावी. कोपऱ्यांचे चार पाय केवळ ट्रेलर हलू नये यासाठी असतात. त्यांच्यावर ट्रेलर उचलू पाहिल्यास सांगाडा वाकतो.

जबलपूर-इंदूर ये-जा

पूर्वेकडच्या भागाविषयी थोडे लिहितो, कारण माझे सासर जबलपूरचे आहे.

सनावदहून पुढे इंदूरला परत येण्याची गरज नाही. खंडवा, छनेरा, खिरकिया, हरदा, सिवनी-मालवा असे करत नर्मदापुरमला पोहोचता येते. छनेरा म्हणजे नवे हरसूद. जुने हरसूद २००४ मध्ये इंदिरा सागरसाठी रिकामे झाले. हरद्याहून हंडियाला वळून पूल ओलांडला की नेमावर. तेथील सिद्धनाथाचे जुने दगडी मंदिर पाहण्यासारखे आहे आणि याच जागेला नर्मदेचे नाभिस्थान मानतात. नर्मदापुरमला सेठानी घाटाजवळ ट्रेलरला जागा नाही, गावाबाहेरच राहावे. पचमढीला जायचे असल्यास ट्रेलर पिपरियात ठेवून मटकुलीचा घाट गाडीने चढावा.

या टापूत रात्री मुळीच चालू नये. नर्मदेच्या वाळूचे डंपर रात्रभर धावतात. नरसिंहपूर-करेलीच्या बाजूला हिवाळ्यात ऊस आणि गुळाचा हंगाम असतो, तेव्हा उसाने लादलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि त्या अंधारात रस्त्याच्या मधोमध उभ्या दिसतात, किंवा खरे तर दिसत नाहीत. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचे असे ठरवून निघावे. बरमानला मकर संक्रांतीचा मोठा मेळा भरतो. डिसेंबरातला प्रवास लांबून जानेवारीत गेला तर त्या दिवसांत बरमानचा पूल टाळावा.

भेडाघाटला धुआंधार आणि संगमरवरी कडे तर पाहालच. नौका पंचवटी घाटावरून सुटतात, आणि चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढण्याचा कंटाळा करू नये.

अमरकंटकाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे: ट्रेलर घेऊन जाऊ नये. उगमस्थान हजार मीटरहून उंच मैकल डोंगरावर आहे. अनूपपूरकडून किरर घाट आणि दिंडोरीकडून कबीर चबुतऱ्याचा चढ, दोन्ही वाटा वळणांच्या. डिसेंबरात पहाटे तिथे दव गोठते आणि ट्रेलरच्या बारीक नळ्यांतले पाणी गोठून त्या फुटू शकतात. जबलपूरला ट्रेलर ठेवून, मंडला-दिंडोरीमार्गे गाडीने जाऊन, तिथे दोन रात्री साध्या धर्मशाळेत राहावे. एरवी १३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी उगमाच्या कुंडाजवळ एका टांगेत ओलांडता येते, आणि कपिलधारेला ती पहिल्यांदा उडी घेते. हे पाहायला पायात बूट आणि अंगात शाल पुरे.

रामबागकर (इंदूर)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल दोघांकडूनही मनःपूर्वक आभार. आमच्याकडे काल रात्री यावर बरीच चर्चा झाली. चार ठाण्यांचा बेत मान्य झाला आहे. पहिल्यांदा आग्रा-मुंबई रस्त्याने महेश्वर, मग सनावद, नर्मदापुरम् आणि जबलपूर. अमरकंटक गाडीने करू. धाराजीची हकीकत वाचल्यावर वाळूवर मुक्काम करण्याचा विषय यजमानांनी स्वतःच बंद केला. नोंदणी आमच्या नावावर झालेली आहे, विमा कंपनीला पत्र उद्या जाईल.

दोन शंका उरल्या आहेत. ट्रेलर मागे घेण्याचा सराव कसा करावा? यजमानांचे म्हणणे असे की आपण मागे घेण्याची वेळच येऊ देणार नाही. माझा या आश्वासनावर विश्वास नाही. दुसरे म्हणजे, ट्रेलर परिचितांच्या अंगणात बराच काळ उभा होता. रंगरूप चांगले आहे, टायरची नक्षीही जवळजवळ नव्यासारखी आहे. निघण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

महूवासी

ताई, आपला अविश्वास योग्य आहे. मागे घेण्याची वेळ पहिल्याच दिवशी येते.

सरावासाठी रविवारी सकाळी एखादे मोकळे मैदान पाहावे, दोन रिकामे डबे उभे करावेत आणि त्यांच्यामध्ये ट्रेलर नेऊन ठेवण्याचा प्रयत्न करावा. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरावा. मग ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवावा, गोंधळ होत नाही. वळवणे थोडे आणि वेग चालण्याहून कमी असावा. गाडी आणि ट्रेलर यांच्यात फार तीव्र कोन झाला की कितीही फिरवून तो सुटत नाही. पुढे जाऊन सरळ व्हावे आणि पुन्हा सुरुवात करावी. एकाने खाली उतरून सांगावे, चालवणाऱ्याच्या आरशात स्वतः दिसेल अशा जागी उभे राहावे, आणि ‘थांबा’ची खूण दोघांनी आधी ठरवून घ्यावी. ट्रेलर जुन्या बनावटीचा असेल तर मागे घेताना ओव्हररन ब्रेक लागून तो अडतो. त्याला मागे जाण्याची खीळ असते, ती कोठे आहे ते पाहून ठेवावे, आणि पुढे निघताना ती सुटली आहे याची खात्री करावी.

उभ्या ट्रेलरची नक्षी पाहून टायरची परीक्षा करू नये. न चालता उभे राहिलेले टायर झिजत नाहीत, वाळतात. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा आहेत का ते पाहावे आणि तिथे लंबगोलात छापलेला चार आकडी अंक वाचावा. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१७ असेल तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांहून जुना निघाल्यास नक्षी कितीही सुरेख असली तरी दोन्ही बदलावेत, सोबत अतिरिक्त चाकाचाही अंक पाहावा. बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरून घ्यावे, मागचे सर्व दिवे एकाला ब्रेक दाबायला बसवून तपासावेत, आणि ब्रेकअवे केबल (जोडणी सुटल्यास ट्रेलरचे ब्रेक ओढणारी तार) व सुरक्षेच्या साखळ्या गंजलेल्या नाहीत ना ते पाहावे. साखळ्या जोडणीखाली एकमेकींना छेद देतील अशा अडकवाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तरी नाक रस्त्यावर न आपटता त्यांवर तोलले जाते. चाके बदलल्यावर पन्नास-साठ किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळायचे असतात. आपल्या मार्गावर ते अंतर मानपूरच्या पुढे घाटात भरेल, म्हणून घाट लागण्यापूर्वी मानपूरलाच थांबून आवळून घ्यावेत.